पंपापासूनचं अंतर

डॉक्टरांनी आप्पांना मासे बघायला सांगितलं. रक्तदाब उतरत नव्हता, गोळ्या आणखी वाढवायच्या नव्हत्या, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात एक काचेची टाकी होती, जिच्यासमोर भांडखोर पेशंटसुद्धा गप्प बसत. "घरी एखादी ठेवा. रोज अर्धा तास नुसतं बघत बसायचं," ते म्हणाले. मुलाने आणि सुनेने हे इतकं मनावर घेतलं, की पंधरा दिवसांत खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी घरात आली. वजन पेलणारी भिंत आणि विजेचा प्लग हे दोन्ही एकाच ठिकाणी होते, खिडकीशेजारी. तिथे आप्पांची आरामखुर्ची होती. खुर्ची बोळात गेली, चपलांच्या स्टँडजवळ. तिथून टाकी दिसत नव्हती.

"थोडे दिवस चालवून घ्या आप्पा, मग काहीतरी करू," मुलगा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, आणि केसाएवढी चूकही त्याला चालत नसे. पण वडिलांची खुर्ची सात फूट सरकली, ती चालली.

आप्पांनी जमीन मोजणी खात्यात सदतीस वर्षं काढली होती. बांध एकदा सरकला की आपणहून परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. खुर्ची निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेली. अकरा वर्षं ती खिडकीशी होती. पेपर तिथे, दुपारची डुलकी तिथे, आणि खालच्या रस्त्यावर कोण कुणाच्या दारात गाडी लावतो यावरची देखरेखही तिथूनच. आता समोर चपला होत्या. रक्तदाब दहाने चढला. आप्पा कुणाला काही बोलले नाहीत, फक्त चष्मा, पेपर, मोबाइल, गोळ्यांची डबी असं आपलं सगळं सामान बोळातच ठेवू लागले. आपण निर्वासितासारखे राहत आहोत हे कुणाच्या तरी लक्षात यावं, अशी त्यांची इच्छा होती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात समुद्रफूल आलं. माशांचा दुकानदार स्वतः बादलीतून घेऊन आला. हिरवट तपकिरी लांब बोटांचा एक मऊ गुच्छ, खाली तळव्यासारखा पाय. टाकीतले दोन नारिंगी मासे लगेच त्याच्या बोटांत शिरून बसले.

"हे झाड आहे की प्राणी?" आप्पांनी विचारलं.

"प्राणी. तोंड आहे, पोट आहे. डोकं नाही."

"मग याला कळतं कसं, कुठे बसायचं ते?"

"तेच तर. आपण बसवायचं नाही, त्याने बसायचं. जागा पटली नाही की उठून चालायला लागतं. पटली की वर्षानुवर्षं हलत नाही."

टाकीतल्या वस्तूकडे आप्पांनी पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

निघताना दुकानदाराने दोन सूचना दिल्या. पहिली, पडदा बंद ठेवा, कारण हे उजेडाकडे सरकतं, आणि सरकतच राहिलं तर टाकी खिडकीपासून हलवावी लागेल. दुसरी, पंपाच्या तोंडाला जाळी नाही, ती लवकर बसवा. समुद्रफूल आत ओढलं गेलं तर त्याचा कीस होईल, पाणी विषारी होईल आणि टाकीतलं काहीही जिवंत राहणार नाही. "रविवारी बसवतो," मुलगा म्हणाला. आप्पांनी पहिली सूचना नीट ऐकली. दुसरी चालू होती तेव्हा ते मनातल्या मनात खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवत होते.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा आणि सून कामावर गेले, की दुपारी दोन वाजता आप्पा पडदा उघडत आणि चार वाजता बंद करत. एवढ्यावर एखादा साधा माणूस थांबला असता. पण मोजल्याशिवाय सरकलेल्याला सरकलं म्हणायची आप्पांना सवय नव्हती. त्यांनी जुनी वही काढली, रकाने आखले: दिनांक, वेळ, अंतर, शेरा. मोजणीला कायमची खूण लागते. टाकीतले दगड मुलगा हौसेने इकडचे तिकडे करायचा, मासे तर भरवशाचे नव्हतेच. जागचा न हलणारा एकच होता, खिडकीच्या बाजूच्या कोपऱ्यातला पंप. तिथून मोजायचं ठरलं. पहिल्या दिवशी अंतर एकाहत्तर सेंटिमीटर भरलं. शेऱ्याच्या रकान्यात आप्पांनी लिहिलं, 'पडदा दु. २ ते ४ उघडा ठेवला. घरात अन्य कोणी हजर नव्हते.' खाली सही केली. सही नसलेली मोजणी त्यांनी जन्मात केली नव्हती.

एकाहत्तरचे चौसष्ट झाले. चौसष्टचे पंचावन्न. जेवताना विषय निघे.

"पाणी तर मी रोज तपासतेय," सून म्हणे. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती आणि टाकीच्या पाण्याचाही अहवाल ठेवायची. "मीठ बरोबर आहे, सगळं बरोबर आहे. मग अस्वस्थ का आहे ते?"

"मनाविरुद्ध एका जागी बसवलं की होतं असं," आप्पा वाटीत बघत म्हणत.

"आणखी सरकलं तर खर्च करून आधार आणि प्लग बसवू, टाकी समोरच्या भिंतीला घेऊ," मुलगा म्हणाला. आप्पांनी त्या भिंतीचं माप तोंडपाठ सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्यांना टोचत होती. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचून घरी आलेली सून खांद्यावरची पर्सही न काढता टाकीसमोर बसायची. ते दोन मासे काचेजवळ येत. ती त्यांना काही बोलत नसे, नुसती बसे, आणि दहा मिनिटांनी उठायची तेव्हा तिचा चेहरा उतरलेला नसायचा. डॉक्टरांचं औषध भलत्याच पेशंटला लागू पडलं होतं. भिंत बदलली तरी मासे तेच राहतील, अशी आप्पांनी स्वतःची समजूत घातली.

दोन रविवार आले आणि गेले. जाळी आली नाही. बाराव्या दिवशी दुपारी तीन वाजता आप्पांनी काचेला टेप लावली आणि वहीत लिहिलं, 'अंतर: २'. शेरा लिहायला घेतला आणि थांबले. दोन कशापासून, हे बारा दिवसांत त्यांच्या पहिल्यांदाच डोक्यात शिरलं. जो आकडा कमी होतो म्हणून ते खूश होत होते, तो शून्याकडे चालला होता, आणि शून्यावर पंप होता.

समुद्रफुलाची पुढची बोटं पंपाच्या तोंडाकडे वाकलेली होती. आप्पांनी बाही वर केली, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि पंपाच्या तोंडावर तळवा दाबून धरला. मग प्लगचा विचार केला. प्लग टाकीच्या मागे, जमिनीलगत होता. मोबाइल बोळात, खुर्चीवर होता. तो दोनदा वाजला आणि थांबला. हात काढला तर समुद्रफूल आत जाणार, म्हणून हात काढता येत नव्हता. तासाभराने समुद्रफुलाने पाय उचलला, थोडा विचार केल्यासारखं केलं, आणि आप्पांच्या मनगटावर बसलं. मागोमाग दोन्ही मासे आले.

सून सहा वाजता आली तेव्हा आप्पा तसेच उभे होते.

"आप्पा, काय करताय?"

"आधी प्लग काढ. मग सांगतो."

तिने प्लग काढला, पंपाच्या तोंडाला नवा कोरा मोजा बांधला, पंप पुन्हा सुरू केला. आता हात काढायला हरकत नव्हती, पण समुद्रफुलाची हरकत होती. तिने दुकानदाराला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अजिबात ओढू नका," दुकानदार म्हणाला. "फाटेल. आपणहून सोडेपर्यंत थांबा."

"किती वेळ?"

"ते त्याच्या मनावर. काकांना बसायला द्या. पण हे एवढं सरकलं कशाने? रोज किती सरकत होतं, काही नोंद आहे का? त्याशिवाय कारण कळायचं नाही, आणि कारण नाही कळलं तर ते परत तिकडेच जाईल."

"नोंद कोण ठेवणार," सून म्हणाली.

आप्पांनी पाण्यात बघितलं. दोन मासे त्यांच्या बोटांमधून डोकावत होते. "नोंद आहे," ते म्हणाले. "टाकी आणि खिडकीच्या मध्ये तिपाई आहे, तिच्यावर वही. शेरा सोडून वाच."

तिने अंतरं मोठ्याने वाचली. शेरे मनातल्या मनात वाचले, अकराच्या अकरा, सह्यांसकट. एका हाताने वही हिसकावून घेणं आप्पांना जमलं असतं, पण मासे बिचकले असते.

"ऊन लागत होतं त्याला," ती फोनमध्ये म्हणाली.

"पडदा बंद ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"पडदा जरा ढिला आहे. करून घेतो आम्ही."

फोन ठेवून तिने वही मिटली आणि जागच्या जागी ठेवली. आप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. तुझे मासे गेले असते." खात्यात सदतीस वर्षांत त्यांनी हे वाक्य कुणासमोर उच्चारलं नव्हतं.

"खुर्चीचं एकदा बोलायचं होतं, आप्पा," ती म्हणाली. "आम्हाला डोकं आहे, पण कळत नाही सगळं."

तेवढ्यात मुलगा आला. त्याने वडिलांकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं, मोजा स्वतःचा आहे हे ओळखलं.

"आप्पांनी समुद्रफूल वाचवलं," सून म्हणाली. "तीन तास उभे आहेत. त्यांची खुर्ची आण."

मुलाने तिपाई आणि मिठाची बादली बाजूला केली आणि खुर्ची टाकी आणि खिडकी यांच्या मध्ये ठेवली. ती तिथे आरामात बसली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. एवढी जागा तिथे पहिल्या दिवसापासून होती, पण घरात मोजणीदार असूनही ती कुणी मोजली नव्हती. आप्पा खुर्चीत टेकले आणि त्या उरलेल्या वीतभर जागेकडे बराच वेळ बघत राहिले.

जेवणं झाल्यावर समुद्रफुलाने हात सोडला. दोन दिवस चालून ते टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला, बोळाच्या बाजूच्या दगडावर जाऊन बसलं आणि तिथेच रमलं. मुलाने रविवारची वाट न बघता जाळी बसवली. आप्पांना खिडकी मिळाली, फक्त पडदा आता दिवसभर बंद असतो. रस्ता दिसत नाही, म्हणून त्यांनी खुर्ची टाकीकडे वळवून घेतली आहे. संध्याकाळी सहानंतर शेजारी एक वेताचा मोडा असतो, त्यावर सून बसते.

वहीतली शेवटची नोंद अशी आहे: 'अंतर: १०४. शेरा: सर्व पक्षांना जागा मान्य.' आप्पांच्या सहीखाली साक्षीदार म्हणून सुनेची सही आहे.