केसभर जास्त

आमच्या शेजारचे बापू सकपाळ आपल्या फटफटीला रोज तांदळाचे पीठ लावीत. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली ती जुनी गाडी. तिचे इंजिन पुसून कोरडे करायचे, वर पिठाचा हात फिरवायचा, गाडी सुरू करायची आणि समोर उकिडवे बसायचे. पीठ जिथे प्रथम काळे पडेल, तिथे गळती. पद्धत बिनचूक होती. अडचण एवढीच, की महाडातल्या आमच्या आळीच्या कोंबड्यांनाही ती ठाऊक झाली होती. बापू एका हाताने कोंबड्या हाकीत आणि पिठावरचा डोळा हलू देत नसत.

"नाना, गप ऱ्हावा," ते मला बजावीत. "तेल वाट शोधतंय."

मी कोर्टातून निवृत्त झालेला माणूस. सकाळी ओटीवर बसून वर्तमानपत्र वाचतो. मला बोलायचे नसेच.

गाडीचे सुटे भाग महाडात मिळत नसत. बापू मोडक्या भागाची लाकडी प्रतिकृती कोरीत आणि मुंबईच्या गिरण्यांत असलेल्या पोलादपूरकडच्या पोरांबरोबर धाडीत. पोरे जुन्या बाजारात हिंडून तसा भाग शोधीत आणि शिमग्याला येताना आणीत. बापू तो डोळ्यापुढे धरून म्हणत, "केसभर जास्त. परत." कोणाला सूट नव्हती. एकाने चिडून विचारले, "बापू, केस कुनाचा धरायचा? तुमच्या डोक्यावर तर एक नाय!" त्याचाही भाग परत गेला.

पोलादपूरपलीकडच्या डोंगरावरच्या कुडपणची येसूबाई बाजाराला आली की बापूंच्या पायरीवर टेकत असे. तिचा सोनू मुंबईला गिरणीत होता. बापाच्या अंत्यविधीला तो वेळेवर पोचला नाही, आणि तेव्हापासून घरीच आला नाही. आईला तोंड कसे दाखवू, एवढाच निरोप येई. म्हातारी रडत नसे. नुसती विचारी, "बापू, येल का वो त्यो?"

 गिअरपेटीतले तेल अडवणारे सील त्याच सुमारास गेले होते. बापूंनी त्याच्या मापाचे लाकडाचे कडे कोरले आणि निघालेल्या पोरांना सांगितले, "सोनूच्या हातात द्या. त्यानंच आनायचं. दुसऱ्यानं आनलं तर घेनार नाय."

फटफटी तशीच उभी राहिली.

शिमग्याला सोनू आला, पण घरी न जाता थेट बापूंकडे. बसला नाही. कागदात गुंडाळलेले सील त्याने लाकडी कड्याशेजारी ठेवले. त्याचे भोक मोठे आहे हे मलासुद्धा दिसले.

"चुकलं, बापू. उद्याच्या गाडीनं जातो, बदलून आनतो."

त्याच्या आवाजात खेद नव्हता, सुटका होती. एकदा मुंबईची गाडी धरली असती, तर तो पुन्हा आला नसता.

बापूंनी सील डोळ्यापुढे धरले. बराच वेळ धरले. एक कोंबडी गाडीवर चढली. त्यांनी तिला हाकलले नाही. माझे वर्तमानपत्र मांडीवर आले होते.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

"बापू, मोठं हाय. सरळ दिसतंय."

"गाडी कुनाची? तुजी का माजी? पाना धर."

त्यांनी सीलच्या भोकात सूत भरून ते कसेबसे बसवले. मग म्हणाले, "चालवून बघितल्याबिगर कळायचं नाय. बस मागं."

"कुठवर?"

"तेल सांगंल तितवर."

सोनूने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रात पाहिले. तो बसला. गाडी आळीच्या टोकाला पोचण्यापूर्वीच रस्त्यावर काळी धार लागली होती. ती बापूंना कळली नसेल, असे मी मानीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापू एकटेच एका ट्रकमधून फटफटीसकट उतरले. विजार गुडघ्यापर्यंत तेलाने भिजली होती. गिअरपेटीत थेंब उरला नव्हता.

"होतात कुठे?" मी विचारले.

"कुडपनच्या पायवाटंशी. पोराला वर धाडला न् खाली बसलो."

"रात्रभर? तुम्हीही वर गेला असतात तर येसूबाईने भाकरी दिली असती."

"त्यो माघारी फिरला असता तर त्याच वाटंनं उतरला असता, नाना. कोनीतरी पायजेल ना तितं."

"मग?"

बापू चिंधीने एकेक बोट पुसू लागले.

"नाय उतरला."