खिचडीचा उपास

साठी उलटली तरी आपल्याला एक गोळी घ्यावी लागली नाही, हे मोतीराम पंचवटीत भेटेल त्याला ऐकवत असे. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून उभी हयात गेलेली. नुसत्या आवाजावरून गाडीचा बिघाड सांगणारा माणूस तो, त्याला डॉक्टर काय नवीन सांगणार! तरी पुण्याच्या सुनेनं, अंजलीनं, सासूसासऱ्यांची आरोग्य तपासणी ठरवली, तेव्हा तिचं मन राखायला तो तयार झाला.

लॅबमधल्या मुलीनं फोनवर बजावलं की दोघंही उपाशी या. मोतीरामनं ऐकलं 'उपास'. त्याच्या बायकोनं, चांगुणानं, पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली. दोन ताटल्या खिचडी, राजगिऱ्याचा लाडू आणि दोन केळी असा साग्रसंगीत उपास करून मोतीराम चांगुणाला घेऊन रक्त द्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. साखर वाढलेली निघाली, दोघांचीही. डॉक्टर म्हणाले, एका तपासणीवर काही ठरत नाही, दोघांनीही पुन्हा करा. पण मोतीरामनं आधीच धसका घेतला होता. त्यानं इगतपुरीहून भावाला सहकुटुंब बोलावून घेतलं आणि माझ्यामागे हिच्याकडे बघ, असं सांगूनही टाकलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा स्वयंपाक असल्यानं तो एकटाच लॅबमध्ये गेला. मुलीनं काय खाल्लंय विचारलं.

"आज काही नाही. परवासुद्धा धान्याचा कण नव्हता ताई, नुसती खिचडी."

ती पोरगी हसून हसून बेजार झाली. मोतीरामची साखर अगदी व्यवस्थित निघाली. घरी येऊन त्यानं चांगुणाला सांगितलं, तुझाही त्या खिचडीनंच घोळ केला, आता जायची गरज नाही. ती "अहो, पण मी" एवढंच बोलली. तोवर त्यानं भावाला सगळा किस्सा रंगवून सांगायला सुरुवात केली होती. सगळे पोट धरून हसले. ती पोळ्या वाढत राहिली.

आठ महिन्यांनी चांगुणाच्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट बघून विचारलं, पुन्हा तपासणी का नाही केली? मोतीरामनं हौसेनं खिचडीचा किस्सा सांगितला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चांगुणाला विचारलं, तुम्ही किती खाल्ली होती?

"मी कुठं खाल्ली? माझा उपास कडक असतो. पाणीबी नव्हतं घेतलं."

डॉक्टर म्हणाले, तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर बरं झालं असतं. आता अंगठा वाचेल की नाही, ते आठवड्यानं कळेल.

मोतीरामला स्वतःची भयंकर लाज वाटली. चाळीस वर्षं बायको उपास करते आणि त्यात ती काय खाते, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. रिक्षात बसले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. त्यानं हळूच विचारलं, "आज खाल्लंस का काही?"

"नाही. डॉक्टरकडं यायचं होतं ना," चांगुणा म्हणाली. "तुम्ही जेवलात, तेवढं बरं झालं."