टोपलीतली हजेरी

आमचे शेजारी बोंडेसर आयुष्यात कधी काही मोजत नसत. तोलत.

सुलभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा आमच्या राहुलच्या हाती त्यांच्याकडं वाटीभर चकल्या पाठवल्या. सरांनी वाटीवरचं फडकं काढलंसुद्धा नाही. वाटी तळहातावर दोनदा झेलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "अकरा." राहुल तिथून धूम पळत आला, कारण सुलभानं बारा दिल्या होत्या आणि बारावी त्याच्या गालात होती. त्या दिवसापासून सरांकडं जायचा पदार्थ सुलभा स्वतः पोचवू लागली.

"मोजणारा चुकतो भो," सर म्हणायचे. "मोजता मोजता कोणी हाक मारली का संपलं त्याचं. तोलणाऱ्याला मारा म्हना हाका!"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सिल्वासाच्या आजूबाजूला कारखाने कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखे लोक. मी नाशिकचा, एका सुताच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर. सर भुसावळकडचे. अथालला एका शेठनं बांधलेल्या खोल्यांच्या रांगेत आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो. पुढं सगळ्यांना मिळून एक लांबलचक ओटा. सरांची बायको गावी, त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ. इथं सरांचा संसार म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह आणि तीन काटे. एक पारड्यांचा, एक ओट्याच्या आढ्याला टांगलेला मोठा स्प्रिंगचा आणि एक छोटा, शर्टाच्या खिशात. लोक खिशात पेन ठेवतात, सर काटा ठेवत.

हे खूळ त्यांना बटणांनी लावलं. खडोलीच्या एका बटणांच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. शर्टाची बटणं, रोज लाखांनी. ती कोण मोजत बसणार? शंभर बटणं एकदाच मोजायची, तोलायची, मग अख्खं पोतं तोलायचं आणि भागाकार करायचा. तिथले सगळेच असं करत आणि घरी जाऊन विसरत. पण सर पडले एम.एस्सी., तेही केमिस्ट्रीत. एक दिवस पोत्याशेजारी उभं असताना त्यांच्या मनात आलं, अणूंचं तरी दुसरं काय आहे? दिसत नाहीत, मोजता येत नाहीत. पण तोलता येतात. झालं! त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे तर शिक्षाच. एकदा केळीवाल्याच्या लारीपुढं, म्हणजे हातगाडीपुढं, त्यांनी खिशातला काटा काढला आणि एकेक डझन टांगून बघायला लागले.

"काका," केळीवाला कळवळून म्हणाला, "केळां डझनना भावे मळे, तोलीने नहीं!"

"मालूम छे," सर म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "पाहा साहेब. हा डझन आणि तो डझन, दोघांत केळी बाराच. पण वजन सारखं आहे का? नाही. मोल म्हंजे दुसरं काय आहे? अणूंचा डझनच तो. फक्त बाराच्या जागी सहावर तेवीस शून्यं, आणि जराशी चिल्लर. कार्बनचा डझन भरतो बारा ग्रॅम, हायड्रोजनचा भरतो एक. नग तेवढेच!"

लारीभोवती माणसं जमली. केळीवाल्यानं शेवटी हात जोडून सगळ्यात वजनदार डझन त्यांच्या पिशवीत कोंबला आणि दुसऱ्या दिवसापासून सर दिसले की लारी गल्लीत वळवायला लागला.

त्यांच्याकडं चहाला गेलं की स्टोव्ह पेटवता पेटवता विचारायचे, "किती मोल टाकू पाणी?" पहिल्यांदा मी भिडेखातर "एकच" म्हणालो. एक मोल पाणी म्हणजे अठरा ग्रॅम. बशीचा तळ ओला झाला, एवढाच चहा मिळाला.

संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर त्यांचा वर्ग भरायचा. बारावीची मुलं, इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा प्रवेशपरीक्षांना बसणारी. आमचा राहुल त्यांतलाच. फी नाही. वर्ष संपलं की प्रत्येकानं एक नारळ द्यायचा, तोही सर तोलून घेणार. नाव घालणं, अर्ज करणं असली भानगड नव्हती. स्प्रिंगच्या काट्याला एक मोठी टोपली लटकवलेली असायची. तिच्यात चपला टाकायच्या आणि सतरंजीवर बसायचं, हाच प्रवेश. आणि हीच हजेरी! सर कारखान्यातून आले की काटा वाचायचे, चपलांच्या सरासरी वजनानं भागायचे आणि जाहीर करायचे, "अकरा हजर." एखाद्यानं बापाचे कंपनीतले लोखंडी टोपीचे बूट घालून आणले की ते खूश. "हा समस्थानिक आहे भो! प्राणी तोच, गुण तेच, फक्त वजनाला जड." उत्तर साडेअकरा आलं तरी डगमगायचे नाहीत. "क्लोरीनचा अणुभार साडेपस्तीस ऱ्हातो, तो कधी लाजला का?"

मान वर करून डोकी मोजावीत, हे त्यांच्या मनातही येत नसे. खरं सांगायचं तर माणूस अतिशय लाजाळू. समोर तोंडं दिसली की त्यांचं बोलणं अडखळायचं. म्हणून ते तासभर फळ्याकडं तोंड करून शिकवायचे. मुलांना त्यांची पाठ आणि टक्कल एवढंच पाठ होतं.

असा गुरू आणि असली हजेरी. कार्टी काय सोडतात? पहिल्यांदा राहुलनं टोपलीत वीट ठेवली. सरांनी तीन जण जास्त आल्याचं सांगून त्यांचं स्वागत केलं. मग दिवाळीनंतर एका मुलाच्या घरी भाड्यानं व्हीसीआर आला आणि अख्ख्या वर्गानं कट केला. साडेचारलाच सगळी आली, टोपलीत चपला टाकल्या आणि पिशवीतले कॅनव्हासचे बूट चढवून मागच्या बाजूनं पसार झाली.

माझी पहिली पाळी होती, मी घरीच होतो. खिडकीशी बसून गंमत बघत होतो. पाच वाजता सर आले, काटा वाचला, "अकरा हजर" म्हणाले आणि फळ्याकडं वळले. पुढं टोपलीभर चपलांना त्यांनी रेणुभार समजावून सांगितला. पाण्याचा, मिठाचा, धुण्याच्या सोड्याचा. मी तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. सुलभा मला दटावत होती आणि स्वतःच हसत होती.

शेवटी सरांनी खडू खाली ठेवला आणि रोजच्यासारखं फळ्यालाच विचारलं, "समजलं का?"

"नाही सर," मागून आवाज आला. "सोड्याचं समजलं. ते मोलचं परत सांगा ना."

सर वळले. मीही उठून दाराशी आलो. रिकाम्या सतरंजीच्या टोकाला, ओट्याच्या खांबामागं एक मुलगी बसली होती. मला ती खिडकीतून दिसलीच नव्हती.

"तू... तू कोण?" सर अडखळले.

"मी लता, सर. रोज येते ना मी. पाऊस सुरू झाला तेव्हापासून."

"पण काट्यात तर नाहीस तू!"

लतानं पाय फ्रॉकखाली ओढून घेतले. "चप्पल नसते ना सर, या टायमाला. आमच्या घरात एकच जोड आहे. माय घालून जाते सेकंड शिफ्टला, गलोंड्याच्या कंपनीत. गेटवर अनवाणी नाही घेत कोणाला. सकाळी शाळेला मी घालते." मग एकदम घाईनं म्हणाली, "टोपलीत काही टाकलं नाही म्हणून मी आजपर्यंत काही विचारलं नाही, सर. तुम्ही उठवून दिलं असतं तर? मला फार्मसीच्या परीक्षेला बसायचंय. बाकी कुठी क्लास लावता येणार नाही मला. मी इथंच मागं बसते, काही बोलत नाही. पण बसू द्या."

सरांनी टोपलीकडं बघितलं. ज्या अकरांना काटा हजर म्हणत होता, त्यांतलं एकही जागेवर नव्हतं. आणि जी एकटी आली होती, तिचं काट्यावर वजनच पडत नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो. पण त्यांनी खडू उचलला. त्या दिवशी पहिल्यांदाच ते वर्गाकडं तोंड करून शिकवू लागले. मोल त्यांनी पहिल्यापासून सांगितला, बटणांवरून. मी दार लोटून घेतलं. हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्टी निरागस चेहऱ्यांनी हजर झाली. "काल सगळे होते, काट्यानं सांगितलं," सर गोड आवाजात म्हणाले. "मंग कालच्या धड्यावर पेपर." अकरांची वाट लागली. राहुल घरी येऊन दोन दिवस घुम्यासारखा बसला होता.

पण खरी गंमत पेपराआधीच झाली होती. सर आले, काट्यापुढं उभे राहिले, स्वतःच्या पायातल्या चपला काढल्या आणि टोपलीत टाकल्या.

"काट्यात दोष निघाला भो," ते फळ्याकडं बघत म्हणाले. "एक जोड कमी दाखवतो. आता रोज माझा टाकत जाईन. बारा हजर."

मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत हसली. काटा कधी खोटं बोलत नाही, असं सगळ्या अथालला ऐकवणारा माणूस स्वतःच्या तोंडानं काट्याला खोटा म्हणत होता! पुढं कितीतरी दिवस पोरांना तो विषय पुरला. केळीवाल्यापर्यंत बातमी गेली. तो लारी घेऊन मुद्दाम समोर आला आणि विचारलं, "काका, काटो बगडी गयो?" सर म्हणाले, "हां भाई, बगडी गयो." सरांना एवढ्या पडत्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

थंडी पडली. ओट्याची फरशी बर्फासारखी व्हायची आणि सर तासभर तिच्यावर अनवाणी उभे. टाचांना भेगा पडल्या. सुलभानं एकदा न राहवून विचारलं, "सर, तिला एक चप्पल घेऊन दिली तर?"

"देता आली असती वहिनी," सर म्हणाले. "पण मग सगळ्यांना समजलं असतं का ती पाच महिने हजेरीत नव्हती. ती परत आली नसती. काट्याला काय, दोन शिव्या जास्त." सुलभा आत आली आणि तिनं मला उगाचच चहा करून दिला. पूर्ण कपभर.

परीक्षा झाल्या. लता खांबामागून निघाली ती थेट फार्मसीला. राहुल एकदाचा कसाबसा लागला, त्याबद्दल मी न बोललेलं बरं.

जूनमध्ये नवी मुलं आली आणि सरांच्या चपला आपल्या टोपलीतच. कॉलेजच्या गावाला निघायच्या आदल्या दिवशी लता आली. पायात नवेकोरे प्लॅस्टिकचे सँडल, चिखलानं भरलेले. ते तिनं टोपलीत टाकले आणि सवयीनं खांबामागं जाऊन बसली. सरांनी काटा वाचला, वळून खांबाकडं बघितलं. मग टोपलीतून स्वतःच्या चपला काढून पायात घातल्या.

"दुरुस्त झाला भो काटा," ते म्हणाले आणि शिकवता शिकवता दोनदा चष्मा पुसला.

मला वाटलं, संपलं हे प्रकरण. पण लता गेली आणि दुसऱ्याच दिवशी सरांचा जोड पुन्हा टोपलीत. नव्या वर्गात अनवाणी कुणीच नव्हतं. त्यामुळं काटा रोज एक जास्त दाखवायचा. एका चौकस मुलानं उठून सांगितलंच, "सर, आम्ही दहाच आहोत. काटा अकरा म्हणतोय."

"आसू दे," सर फळ्यावर लिहीत म्हणाले. "आसंल कोणी बसलेलं."

आणि खडू थांबवून ते वळले, खांबामागं नीट बघून घेतलं, मग पुढं लिहायला लागले.