फौजदाराच्या हातावरचं दही

आमच्या दारात फटफटी येऊन थांबायची. म्हणजे थांबायची नाहीच, जागच्या जागी धडधडत, थरथरत राहायची, आणि तिच्यावर बसलेला धिप्पाड गडी उजवा तळवा पुढे करून ओरडायचा, "वहिनी, दही!"

की आमची ही हातातलं लाटणं टाकून, तव्यावरची पोळी तशीच सोडून, दह्याचा वाडगा घेऊन धावत सुटायची. त्या तळव्यावर चमचाभर दही ठेवायची. गडी ते एका दमात चाटून टाकायचा आणि मिशा पुसायचा. ही म्हणायची, "लवकर या हं, भाऊजी!" आणि फटफटी धुरळा उडवत दिसेनाशी व्हायची. धुरळा माझ्या चहात बसायचा. तव्यावर करपलेली पोळी माझ्या पानात पडायची. आणि दही मागितलं तर उत्तर यायचं, "थोडंच उरलंय. भाऊजींना लागलं तर?"

हे भाऊजी म्हणजे पालघरचे फौजदार भुजंगराव इंगवले. आमचे नात्याचे ना गोत्याचे.

लढाईला, परीक्षेला, लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवावं, म्हणजे तो सुखरूप परततो, हे मलाही ठाऊक आहे. मी भाताच्या गिरणीत मॅनेजर. मीही रोज सकाळी घरातून निघतो. माझ्या हातावर काय पडतं? रॉकेलचा रिकामा डबा. "येताना भरून आणा, आणि वाटेत गप्पा ठोकत बसू नका."

तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं होतं. तारापूरकडे विजेचा अवाढव्य कारखाना होणार, अशा नुसत्या बातम्या होत्या. पालघरात करमणूक म्हणजे दोनच गोष्टी: संध्याकाळी गिरणीसमोरच्या बाकावर बसून मी सांगत असलेले किस्से, आणि गणेशोत्सवात मी करत असलेली नाटकं. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, दोन्हींना गर्दी व्हायची. मग घाटावरून बदली होऊन इंगवले आले आणि माझा बाजार उठला. लोकांना आता किस्से ऐकायचे नव्हते. डोळ्यांसमोर घडताना पाहायचे होते.

इंगवल्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं: "मग मजा काय?" पुलावरून जायचं सोडून ते फटफटी ओढ्यात घालायचे. कोणी म्हणालं, साहेब, बाजूला पूल आहे, तर म्हणायचे, "पुलावरून म्हशीपण जातात. मग मजा काय?" चोराला पाठीमागून गाठणं त्यांना कमीपणाचं वाटे. आधी त्याला हाक मारून सावध करायचे आणि मग पाठलाग सुरू. त्यांचे हवालदार राऊत इथलेच, सातपाटीचे. ते फटफटीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसत. "साहेब, मला पोरंबाळं हायत," एवढंच ते वाटभर म्हणत. आधी विनवणी म्हणून, पुढे पुढे जप म्हणून.

दारूबंदीचे दिवस. खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या लागत. एकदा धूर नेमका कुठून येतो हे बघायला इंगवले स्वतः ताडाच्या झाडावर चढले. राऊत म्हणाले, "साहेब, ताडी काढणाऱ्याला बोलवतो, तो चढल." पण मग मजा काय? चढले. धूर सापडला. वरूनच हात करकरून हुकूम सोडले, खाली शिपायांनी भट्टी फोडली, माणसं धरली. सगळं यथासांग पार पडलं. राहिलं एकच. इंगवल्यांना उतरता येईना. शेवटी ताडी काढणाऱ्यालाच बोलावलं. तो वर गेला आणि साहेबांचा एकेक पाय हातानं खाचेत ठेवत त्यांना खाली घेऊन आला. "काय फौजदार हाय का वानर हाय?" तो राऊतांना म्हणाला. "आन वानर हाय तर उतरत का नाय?"

दुसऱ्या कोणाची यावर सात जन्मांची अब्रू गेली असती. मी ही गोष्ट बाकावर अंगविक्षेपांसह सांगितली, लोक हसून लोळतील म्हणून. लोक गंभीर झाले. "पण चढला की हो!" म्हणाले.

बोईसरच्या यार्डात मालगाडीतून धान्य पळवणाऱ्यांच्या मागे लागून ते चालत्या गाडीवर उडी मारून चढले. उडी पडली ती गवताचे गठ्ठे भरलेल्या उघड्या डब्यात. चोर निसटले, गाडी विरारच्या दिशेनं निघून गेली, आणि साहेब संध्याकाळी कुठल्याशा ट्रकमधून परत आले ते कानांत, मिशांत, कॉलरमध्ये गवत घेऊन. आल्या आल्या आमच्या दारात ट्रकचाच भोंगा वाजवायला लावला, दोनदा. हे दुसरं खूळ. जाताना दही, येताना दोनदा भोंगा. माझी खात्री होती, ही निव्वळ बढाई. पराक्रम करून आलो, बघा! आमची ही बाहेर गेली. त्यांच्या कॉलरमधली काडी काढत म्हणाली, "लागलं नाही ना कुठं?"

मी त्याच आठवड्यात गिरणीच्या पायरीवरून घसरलो होतो. मला म्हणाली होती, "डोळे कुठं होते?"

कळस झाला तो त्या वर्षीच्या गणेशोत्सवात. नाटक ऐतिहासिक. मी राजा. तिसऱ्या अंकात मला रणांगणावर मरायचं होतं. माझं मरण तालुक्यात नावाजलेलं होतं. सफाळ्याहून लोक माझं मरण बघायला येत. मी छातीत बाण घेऊन पहिली गिरकी घेतली. दुसरी घेतली. आणि बाहेर फटफटी धडधडली. कोणीतरी ओरडलं, "इंगवल्यांनी कोणाला तरी धरून आणलंय, फटफटीच्या टाकीवर बसवून आणलंय!" मी तिसरी गिरकी घेऊन कोसळलो तेव्हा समोर नुसत्या सतरंज्या होत्या. पहिल्या रांगेतली आमची हीसुद्धा गेली होती. माझे शेवटचे शब्द एकट्या प्रॉम्प्टरनं ऐकले, आणि तेही त्याला आधीच माहीत होते.

त्यानंतर मी ठरवलं: आपणही धाडस करायचं. इंगवल्यांना म्हटलं, "एकदा मलाही न्या." ते इतके खूश झाले की लगेच म्हणाले, "अण्णा, बसा मागं!" मी बसलो. ऐटीत उजवा तळवा पुढे करून म्हटलं, "अगं, दही!" आमची ही दारातून म्हणाली, "आंबट आहे. तुम्हाला खोकला होईल."

सफाळ्याकडच्या मिठागरांच्या बांधावरून फटफटी निघाली. तो बांध इतका अरुंद की बगळासुद्धा त्यावर एक पाय वर धरूनच उभा राहावा. मला फक्त इंगवल्यांची पाठ दिसत होती आणि त्यांचं खदखदून हसणं ऐकू येत होतं. चोर होता की नव्हता, मला आजतागायत माहीत नाही. एका वळणावर फटफटी वळली आणि मी सरळ गेलो. घरी आलो तेव्हा नखशिखांत मिठानं पांढरा झालो होतो. हिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "छान झालं. आता वर्षभर टिकाल."

तर अशा या माणसावर मी जळत होतो. नुसता जळत नव्हतो, हिच्या तव्यावरच्या पोळीसारखा करपत होतो. देवानं सगळे किस्से त्याच्या वाट्याला घातले होते आणि मला नुसतं तोंड दिलं होतं. वर माझं दहीही तोच खात होता.

अशात ही दोन दिवसांसाठी माहेरी गेली. जाताना बजावून गेली, "फडताळात वाटीत चमचाभर विरजण ठेवलंय. त्याला हात लावायचा नाही. आल्यावर दही लावायला मला घरचं विरजण लागेल." मी जेवायला खानावळीत जात होतो. घर शांत, दार मोकळं. चहात धूळ नाही. मी राजासारखा आरामखुर्चीत पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फटफटी आली. "वहिनी, दही!"

मी उठलोसुद्धा नाही. आतूनच म्हटलं, "वहिनी माहेरी गेल्यात. दही नाही."

आणि मग एक अजब गोष्ट झाली. फटफटी बंद झाली. आमच्या दारात ती बंद झालेली मी पहिल्यांदाच ऐकली. बाहेर आलो. मागच्या सीटवर राऊत, आज डोळे उघडे ठेवून. इंगवले तळवा तसाच पुढे धरून बसलेले, भांडं विसरलेल्या भिक्षेकऱ्यासारखे.

"मुरबे गावच्या खाडीत चोरटं सोनं उतरवतायत," राऊत हळूच म्हणाले. "ओहोटीला होडी गाळात बसल, तवाच गाठायची. तीन-चार गडी हायत, सुरे घेऊन."

"मग निघा की," मी म्हटलं. "ओहोटी थांबायची नाही."

इंगवले निघेनात. "शेजारी कुणाकडं मिळंल का?"

मला गुदगुल्या झाल्या. इतक्या दिवसांची जळजळ, आणि समोर चालून आलेली संधी! मी रंगभूमीवरचा आवाज काढला. "काय फौजदारसाहेब, चमचाभर दह्यासाठी अडून बसलात? दही खाऊन तर शाळकरी पोरंसुद्धा परीक्षेला जातात. मग मजा काय?"

एरवी ते गडगडाटी हसले असते. ते हसले नाहीत. हात मागे घेऊन पँटला पुसला आणि उगाचच टाकीवरची धूळ झटकू लागले.

"दह्याचं नाही ओ अण्णा," ते म्हणाले. "कुणीतरी 'लवकर या' म्हटल्याबिगर निघवत नाही. सवय लागली." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "तुमचं बरंय. गिरणीतनं यायला जरा उशीर झाला की वहिनी दारात उभ्या. मी बघतो ना, येताजाता. असं तोंडावर बोलू नये, पण लई जळतो मी तुमच्यावर."

माझ्यावर! आजवर माझ्यावर कोणी जळलं असेल तर ते नाटकात दुय्यम भूमिका मिळालेले दोघेतिघे. 

मी आत वळलो. राऊत पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्या मागोमाग आले. "अण्णा, साहेबांना कोन नाय," ते कुजबुजले. "आई होती, ती गेली. क्वार्टरमंदी एक खाट नि एक कंदील. कामावरून आलो का आमी आपापल्या घरी जातो. साहेब तुमच्या दारात भोंगा वाजवतात. तिकडं कोनासाठी वाजवनार?"

मी फडताळ उघडलं. वाटीत चमचाभर विरजण होतं. त्या विरजणावरून पुढे माझ्यावर जे महाभारत कोसळलं ते सोडा. मी चमचा घेऊन बाहेर गेलो.

त्यांनी तळवा पुढे केला. ओढ्यात, झाडावर, चालत्या गाडीवर बेधडक जाणारा तो गडी माझ्या चमच्याकडे बघत होता. मी चमचा त्यावर उपडा केला. दोन दिवसांचं आंबट विरजण. ते चाटताना त्यांचा एक डोळा मिटला, पण थेंब ठेवला नाही.

आता 'ते' म्हणायचं होतं. शेकडो लोकांसमोर पल्लेदार वाक्यं फेकणारा मी, रिकामा चमचा पुसत उभा राहिलो. शेवटी कसंबसं पुटपुटलो, "लवकर या."

"येतो," इंगवले म्हणाले आणि फटफटी सुरू झाली.

त्या संध्याकाळी नाटकाची तालीम होती, गेलो नाही. बाकावर मंडळी वाट बघत असतील, गेलो नाही. वर्तमानपत्र उघडलं, एक अक्षर कळेना. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी दचकायला होई. ताडावर चढलेले इंगवले डोळ्यांसमोर आले आणि या वेळी मला अजिबात हसू आलं नाही. वाटलं, याला चढता येतं, उतरता येत नाही.

दिवेलागण झाली. शेजारच्या काकू तुळशीपाशी दिवा लावताना म्हणाल्या, "अहो, दारात का उभे? ती तर उद्या यायची आहे ना?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उंबऱ्यात उभा होतो, नेमका तिथेच, जिथे ही उभी राहते.

आणि मग भोंगा वाजला. दोनदा.

फटफटी आली. मागे राऊत, शाबूत, डोळे मिटलेले. पुढे इंगवले, छातीपर्यंत खाडीच्या काळ्या चिखलानं माखलेले, एक बाही खांद्यापासून फाटलेली, दंडाला कोणाचंतरी मुंडासं बांधलेलं. खाडीत काय झालं, सोनं सापडलं का, गडी किती धरले, हे सगळं विचारायला माझी जीभ वळवळत होती. वर्षभर पुरेल असा किस्सा समोर उभा होता.

पण त्यांनी दारात उभ्या असलेल्या मला पाहिलं, फटफटी बंद केली आणि खाली उतरले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "लई उशीर झाला का ओ?"

"उशीर?" मी कडाडलो. आवाज माझा होता, वाक्यं सगळी हिची. "ही वेळ झाली घरी यायची? घड्याळ घातलंय ते शोभेला का? कुणी वाट बघत असेल याची काही फिकीर? आणि हा चिखल! पाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवतो! आणि दंडाला काय झालंय? डोळे कुठं होते?"

पालघरचे फौजदार भुजंगराव इंगवले मान खाली घालून ऐकत राहिले. मी थांबलो तरी ते तसेच उभे होते, अजून थोडं बोलणं बाकी असेल तर, म्हणून. आणि चिखलाखाली त्यांच्या मिशा हलत होत्या. त्यांना फार मजा येत होती.