दिघे आणि पाचवी खोली

दिघ्यांची माझी ओळख झाली ती मी आडवा असताना. बालीगंजच्या मेसमध्ये मी ट्रंक टेकवतोय तोच शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठले. त्यांनी मला झोपायला लावलं आणि खिशातला टेप काढून टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं. "पाच फूट चार," ते समाधानानं म्हणाले. "आता कुशीवर वळा."

मी बी. ए. आहे, आमच्या घराण्यातला पहिला. मोजून घ्यायला कलकत्त्याला आलो नव्हतो. पण वळलो.

दिघे ड्राफ्ट्समन. त्याच मेसमध्ये सतरा वर्षं. "जागा असते हो, माणसं पसरतात," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते बसमध्ये दाराशी उभ्या असलेल्यांना ऐकवत, आणि ताटातला भात ऐसपैस वाढणाऱ्या आमच्या स्वयंपाक्यालाही.

मेस म्हणजे पाच खोल्या, चौदा बाप्ये आणि एक नियम: बाईमाणसानं उंबरठा ओलांडायचा नाही. बंगाली मंडळींना त्याचं काही वाटत नसे. शनिवारी दुपारी ती आपापल्या गावी जात आणि सोमवारी घरचं खाऊन परत येत. आमची गावं दोन रात्रींच्या प्रवासावर. रविवारी सगळ्या मेसमध्ये मी आणि दिघे.

अशाच एका रविवारी मी आईचं आदल्या दिवशी आलेलं पत्र पुन्हा वाचत होतो. गुरुजींकडून लिहून घेतलेलं. पोरगा ऑफिसात कुठल्या खुर्चीवर बसतो ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. हॉटेल परवडणारं नव्हतं, ओळखीचं घर नव्हतं. येऊ नकोस, जागा नाही, असं लिहायला बसलो. दिघ्यांनी ते वाचलं आणि पोस्टकार्ड माझ्या हातातून काढून घेतलं.

"खोली आहे," ते म्हणाले. "आपण चौदा जण ती झोपेत वापरतोय."

गादीखालून त्यांनी नकाशा काढला. घडीवर विरलेला, म्हणजे आजचा नक्कीच नव्हे. रुंद खाटा काढायच्या, आगगाडीसारख्या एकावर एक फळ्या बसवायच्या. चार खोल्यांत चौदा माणसं. पाचवी खोली सभासदांच्या आई, बायको, बहिणीसाठी, पाळीपाळीनं पंधरा दिवस.

विरोध केला हरिपदबाबूंनी. वयानं आणि घेरानं ते मेसमध्ये सगळ्यांत मोठे. बायका आल्या की मेसचा संसार होतो, आणि संसारच हवा तर मेस कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी दिघ्यांना सुचवलं, सभा रविवारी घेऊ, विरोधक गावी असतील. ते माझ्यावर उखडले. "चोरून काढलेल्या खोलीत आईला उतरवणार?"

सभा शुक्रवारी, सगळ्यांच्या देखत. बेहाल्याच्या सुताराकडून नमुन्याची दुमजली खाट करून आणली. दिघ्यांनी प्रत्येक स्क्रू समजावला. हरिपदबाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मच्छरदाणी कुठे बांधायची?

दिघ्यांचा चेहरा उतरला. कलकत्त्यात सतरा वर्षं काढलेला माणूस सगळं काढून बसला आणि मच्छरदाणी विसरला! मेस पोट धरून हसली. आईला नकाराचं पत्र लिहायला मी पुन्हा पोस्टकार्ड आणलं.

पुढच्या शुक्रवारी दिघे एक अजस्र मच्छरदाणी घेऊन आले. स्वतःच्या हातानं शिवलेली, दोन्ही मजल्यांना मिळून एक, खालच्याला वेगळं दार, वरच्याला वेगळं. खालच्या फळीवर त्यांनी हरिपदबाबूंना निजवलं आणि चर्चा सुरू केली. पाच मिनिटांत मच्छरदाणीतून घोरणं ऐकू आलं. सभेनं तेच त्यांचं मत धरलं. उठल्यावर हरिपदबाबूंनीही ते मोडलं नाही. फक्त खालची फळी कायमची आपल्या नावावर करून घेतली.

आई आली. ऑफिसात माझ्या खुर्चीवर बसली, खुर्ची फिरते म्हणून जरा घाबरली. चौदा जणांना पिठलं-भाकरी करून घातली, आणि हरिपदबाबू त्या शनिवारी गावी गेलेच नाहीत. निघताना तिनं दिघ्यांना सरळ विचारलं, "आणि तुमची मंडळी कधी यायची, भाऊ?"

दिघे तिचं गाठोडं उचलू लागले. "तिला आता एकटीची सवय झाली असेल," ते म्हणाले.

"विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात विचारलं. उत्तर तारेनं आलं, ते यायच्या गाडीचंच.

हावड्याला ते मला बरोबर घेऊन गेले. इस्त्रीचा सदरा, हातात रुमालाचा बोळा. गाडीला अवकाश होता. "वर्षाला पंधरा दिवस रजा, सतरा वर्षं," ते हळूच म्हणाले. "सगळी बेरीज केली तरी आमच्या संसाराला वर्ष भरत नाही, सोनवणे. काय बोलायचं असतं?"

मी अविवाहित.

गाडी लागली. नऊवारीतल्या एक बारीकशा बाई उतरल्या आणि त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "किती वाळलात हो," त्या म्हणाल्या.

कोणाचंही कुठलंही म्हणणं मापानं खोडून काढणारे दिघे. त्यांनी नुसती मान हलवली. मग बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोनवणे, तुम्ही ट्रामनं या. आम्ही दोघं टॅक्सीनं जातो."