बावन्न किलोची सवत

शेजारच्या ठोंबरेकाकांकडे मी पहिल्यांदा पुरणपोळ्या घेऊन गेले, तेव्हा त्यांनी त्या खाण्याआधी तोलल्या. खोटं नाही सांगत. खुंटीवरचा ताणकाटा काढला, एकेक पोळी पिशवीत घालून आकड्याला लटकवली आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "सातारकर, चार बराबर हायेत. पाचवी हलकी हाय. शेवटी पुरण कमी पडलं काय?"

पडलं होतं हो! पण असं कुणी तोंडावर सांगतं का? मी साताऱ्याची, मलाही तोंड आहे. म्हटलं, "काका, पुढच्या वेळी तुम्हीच लाटा." तर हा माणूस इतका खूश झाला, की तेव्हापासून आमचं गूळपीठ जमलं.

काका मूळचे अकोल्याचे, पण चंदीगडला तीस वर्षं झाली. दुकानदारांची वजनं खरी की खोटी, हे तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. नोकरी संपली, खोड राहिली. फ्लॉवर असो, गॅसचं सिलिंडर असो, बेंगळुरूहून मुलानं पाठवलेलं पार्सल असो, काका विचारणार, "तोलून पाह्यलं काय?" एकदा आमचे हे म्हणाले, "यंदा आमची बदली होईल असं वाटतंय." त्यावरही काकांनी हेच विचारलं.

बदली झालीच. मार्चमध्ये भोपाळ. आमच्यापेक्षा जास्त हादरले ते काका, आणि त्याला कारण होतं.

काकूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ मात्र पहिल्यासारखीच चुरचुरीत. रोज सकाळी त्यांना पलंगावरून उचलून बाल्कनीतल्या खुर्चीत बसवायचं. इथल्या थंडीत धुकं फाटून ऊन आलं, की अख्खी गल्ली खाली गोळा होते. मग खालून "आंटी जी, सत श्री अकाल!", वरून काकूंची चौकशीवर चौकशी. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या गाजराच्या लोणच्याचं काय. त्या खुर्चीत बसल्या, की काकू आजारी वाटायच्याच नाहीत.

उचलायचं काम माझं आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचं, कमलेशचं. काकांची कंबर अधू. त्यांनी एकदा एकट्यानं उचलून पाहिलं, तर दोघंही धपकन पलंगावर बसली आणि हसत सुटली. आता मीच जाणार म्हटल्यावर मुलाचा फोन आला. "बाबा, पुरे झालं. आईला घेऊन इकडे या." त्याचंही काही चुकीचं नव्हतं. पण संध्याकाळी काकू एवढंच म्हणाल्या, "तिथं सतराव्या मजल्यावर मले खालून हाक कोण मारन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात. "सातारकर, त्या जिमच्या प्लेटा स्वस्त कुठं भेटतात? मी एकटाच उचलतो हिले."

"काका, वय काय तुमचं?"

"वय काय तोलता येते काय? चाल, गाडी काढ."

फिजिओथेरपीच्या डॉक्टरांना विचारूनच आले होते म्हणे. कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, थोडं थोडं वाढवत न्यायचं. मग काय, काढली गाडी.

पहिल्या दुकानात चकचकीत निळ्या प्लेटा होत्या. स्वस्त, देखण्या. दुकानदार म्हणाला, "पोते के लिए, अंकल जी?"

"नहीं जी, मिसेस के लिए।"

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. तोवर काकांनी प्लेट कानाशी धरून टकटक वाजवली. "प्लास्टिक हाय वरून, आत सिमेंट हाय. आपटली का भुगा." दुसऱ्या दुकानात रबर चढवलेल्या होत्या. वास असा, की नाकाला पदर लावला मी. किंमत ऐकून काकांनीच मला बाहेर ओढलं. तिसऱ्याकडे साध्या ओतीव लोखंडाच्या. काकांचे डोळे चमकले. लगेच पिशवीतून ताणकाटा! दहा किलोची प्लेट साडेनऊ भरली. दुकानदार म्हणाला, "इतना तो चलता है, अंकल जी।" मी मनात म्हटलं, आता मेला हा. पुढचा अर्धा तास काकांनी त्याला वजनांचा कायदा शिकवला, आणि त्यानं आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं.

चौथ्याकडची प्लेट चारशे ग्रॅम जास्त भरली. मी म्हटलं, "घ्या की! फायद्यात आहे." काका भडकलेच. "जास्ती बी खोटंच असते. मी पन्नास समजून एकावन्न उचलीन, मंग हिच्या वेळी माझा हिशेब कसा लागन?"

शेवटी प्लेटा मिळाल्या एयरोसिटी वसाहतीतल्या एका फ्लॅटमध्ये. तिथल्या तरुण जोडप्यानं हौसेनं घरात जिम मांडलं होतं, आणि आता वजनं उचलायच्या दांड्यावर मोजे वाळत होते. लोखंड जुनं, गंजलेलं, पण वजन तंतोतंत. काकांनी प्रत्येक प्लेट तोलली आणि म्हणाले, "गंज घासून निघते. लोखंड शिळं होत नाही."

आठवड्याभरानं मी सहज डोकावले तर काय बघते! काकूंची हिरवी साडी गुंडाळलेलं एक भलंमोठं गाठोडं काकांच्या दोन्ही हातांवर आडवं. यांना दांडा थोडाच उचलायचा होता, माणूस उचलायचा होता! रजईत प्लेटा बांधून, वर साडी लपेटून काकांनी काकूच तयार केल्या होत्या. ते गाठोडं घेऊन ते पलंगापासून खुर्चीपर्यंत घामाघूम होऊन चालत होते. आणि पलंगावरून काकू मला म्हणाल्या, "पाह्य वं माय, या वयात सवत आणली यांनी. आणि तिलेच उचलून फिरवून राह्यले."

हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

सवतीचं वजन वाढत गेलं. वीस, तीस, चाळीस, शेवटी बावन्न. काकूंचं वजन दवाखान्यातल्या दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर बावन्न होतं, म्हणून बावन्न हे काकांचं पक्कं ठरलेलं. इकडे कमलेश आणि मी काकूंना रोज उचलतच होतो. मला ते सोपं जायला लागलं होतं. वाटायचं, आपलाही हात बसला.

आमचं सामान ट्रकमध्ये चढलं, त्या सकाळी काका म्हणाले, "आज मी. तू फक्त पाह्य." कमलेश पलीकडे उभी, मी अलीकडे, दोघींचे हात तयार. काका गुडघ्यात वाकले. एक हात पाठीखाली, एक मांड्यांखाली. "धर वं मले." काकूंनी उजवा हात त्यांच्या गळ्यात टाकला. आणि काका एका झटक्यात उभे राहिले.

मी टाळ्याच वाजवणार होते. पण काका जागचे हलेनात. तोंडावर आनंद सोडाच, रंगच नव्हता. काकूंना त्यांनी हातांवर जरा वरखाली केलं, पुन्हा केलं.

"चाळीस," ते म्हणाले. "चाळीस बी नाही. शांते, तू जेवत नाहीस काय?"

जगातली प्रत्येक वस्तू तोलणाऱ्या या माणसानं बायकोला एकदाही तोललं नव्हतं. कागदावर विश्वास ठेवून बसला होता.

काकूंनी मान फिरवली. कमलेशच हळूच बोलली. "आंटी कित्येक महिने रोज अर्ध्या रोट्या माझ्या डब्यात घालतात, मला म्हणतात अंकलना सांगू नकोस."

"तुमची कंबर..." काकू पुटपुटल्या. "म्हटलं, तेवढंच हलकं जाईन."

मला तिथं उभं राहवेना. मी बाल्कनीचं दार उघडायला म्हणून पुढे झाले. खाली ऊन पडलं होतं, आणि कुणीतरी वर बघून "आंटी जी!" म्हणून हाकही मारली. काकांना ती ऐकूच गेली नाही. काकूंना तसंच उराशी धरून ते खोलीच्या मधोमध उभे होते, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आजपासून पोटभर जेव वं," ते म्हणाले. "जेवढी होशीन, तेवढी उचलीन मी."