वनमालाबाईंचं दुरुस्त स्वचित्र

वांकिडीच्या सरकारी शाळेतल्या चित्रकला शिक्षिका वनमालाबाई यांनी १९८४ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, आरशासमोर बसून स्वतःचं चित्र काढलं. पिकलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा, मिटलेले ओठ. वीस वर्षं फळ्यावर कमळं आणि पुढाऱ्यांचे चेहरे काढल्यावर बाईंना पहिल्यांदाच वाटलं, हे आपलं काम. ते त्यांनी आदिलाबादच्या कलाप्रदर्शनाला दिलं.

निवड समितीचे अध्यक्ष नरसिंगराव हे निवृत्त पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे कारकून. चित्रकलेशी त्यांचा संबंध एवढाच, की कचेरीतल्या तसबिरी सरळ टांगल्या आहेत ना, हे ते जातीनं पाहत. त्यांनी शेरा मारला : "गळा रिकामा. दरख्वास्त अपूर्ण."

बाई समितीपुढे हजर झाल्या.

"सायेब, माझं लग्न झालं नाही. गळ्यात काई नाही, म्हणून दाखवलं नाही."

"तुमच्या गळ्याचं कोण म्हणून राह्यलं, बाई? आमी चित्राच्या गळ्याचं म्हणून राह्यलो. पाहायला घरंदाज लोक येतात."

चित्र एकदा भिंतीवर लागावं, एवढीच बाईंची इच्छा. त्यांनी मंगळसूत्र रंगवलं.

दुसरा शेरा आला : मंगळसूत्र आहे, त्याअर्थी पती असणे क्रमप्राप्त, तो आढळून येत नाही. बाईंनी मागे एक मिशीवाला गृहस्थ उभा केला. तिसरा : पती उपस्थित असूनही पत्नी हसत नाही, सबब कलहाचा संशय येतो. बाई हसल्या, चित्रात. चौथ्या शेऱ्यानं मुलं आली, सरकारी धोरणानुसार दोनच. पाचव्यानं सासूबाई. दर वेळी चित्र चादरीत गुंडाळून बाई बसनं न्यायच्या आणि परत आणायच्या. सासूबाईंना ऐसपैस जागा देता देता त्या स्वतः कोपऱ्यात गेल्या. तिथं चष्मा आणि अर्धा कान तेवढा मावला.

'स्वतःचं चित्र' या विभागात पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं.

समारंभात नरसिंगरावांनी रजिस्टर पुढे केलं. "इथं यजमानांची सही लागते."

"कोणाची?"

"हे काय, मागं उभे आहेत त्यांची."

"ते तुमीच उभे करायला लावले ना!"

"म्हंजे खोटी माहिती दिली?" नरसिंगराव दुखावले.

बक्षीस जागच्या जागी रद्द झालं. खात्याला लेखी कळवण्यात आलं, की सदर शिक्षिकेने अस्तित्वात नसलेल्या पुरुषाशी संसार केला.

बाईंनी चित्र खाली उतरवलं. त्यांनी पिशवीतून रुंद ब्रश काढला, नवऱ्यावर, मुलांवर, सासूबाईंवर पांढरा रंग फासला आणि चित्र पुन्हा भिंतीला लावलं.

"आता कोणाची सही लागत नाही," त्या म्हणाल्या आणि वांकिडीच्या बसला निघून गेल्या.

प्रदर्शन आठवडाभर चाललं. त्या पांढऱ्या रंगाबद्दल कोणी एक अक्षरही विचारलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला एकच चौकशी करायची होती : बाईनं लग्न काऊन केलं नाही?

आपणही इथवर वाचत आलात ते त्याच उत्तराची वाट पाहत. सदर माहिती देण्यात येणार नाही.